ऊन असूनही सोलर का थांबते?

गेल्या रमजानमधली दुपार. जोहरची नमाज होऊन अर्धा तास झाला असेल. टेंभुर्णीचे मार्चमधले ऊन ज्यांनी पाहिले आहे त्यांना जास्त सांगायला नको. गच्चीवरच्या सोलर पॅनेलकडे बघवत नव्हते, इतके ते झळकत होते. आणि नेमकी लाईट गेली. पंखा दोन-तीन फेरे घेऊन थांबला. अम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई, हातात तसबीह घेऊन पलंगावर बसल्या होत्या. त्यांनी आधी पंख्याकडे पाहिले, मग खिडकीबाहेरच्या उन्हाकडे, आणि मला विचारले, "धूप तो इत्ती है, फिर पंखा कायकू बंद हुआ?"

प्रश्न अगदी साधा होता. पण घरात कोणालाच त्याचे उत्तर ठाऊक नव्हते. मी उर्दू आणि मराठी शिकवते, वीज हा काही माझा विषय नाही. तीन किलोवॅटचे सोलर बसवून आम्हाला चार महिने झाले होते. बिल पुष्कळ कमी झाले होते, अल्हम्दुलिल्लाह. पण सोलर आले म्हणजे लाईट जाण्याची कटकट कायमची मिटली, असे आम्ही गृहीत धरले होते. गल्लीतल्या इतरांचीही तीच समजूत होती.

इफ्तारनंतर ओळखीच्या एका वायरमनला बोलावले. त्याने इन्व्हर्टरवर नजर टाकली आणि म्हणाला, "मॅडम, बाहेरची लाईन नसली की हा बंदच होतो. पण त्याच्यावर उपाय आहे. तुमच्या जुन्या बॅटरीच्या इन्व्हर्टरची वायर ह्याला जोडून देतो. ह्याला वाटेल लाईन आली. मग दिवसभर चालू राहील. फक्त लाईट गेली की मेन स्विच आठवणीनं बंद करायचा, एवढंच." खर्च फार नव्हता. माझ्या मिस्टरांना कल्पना पटली. ईदच्या आधी काम करून द्यायचे ठरले.

'आठवणीनं' हा शब्द मात्र माझ्या मनात अडकून राहिला. बावीस वर्षे वर्गात शिकवल्यावर माणसाच्या आठवणीवर किती भरवसा ठेवावा, हे मला थोडेफार कळते. मी वायरमनला दोन दिवस थांबायला सांगितले आणि चौकशीला लागले. त्या चौकशीत जे कळले ते सगळ्या घरांना माहीत असावे, म्हणून हा लेख.

दोन इन्व्हर्टर, दोन स्वभाव

पहिला घोटाळा शब्दाचा आहे. भारनियमनाच्या दिवसांत आपण घरोघरी जो इन्व्हर्टर घेतला तो बॅटरीवर चालतो. लाईट गेली की तो जागा होतो. सोलरच्या पेटीलाही आपण इन्व्हर्टरच म्हणतो, पण तिचा स्वभाव उलटा आहे. लाईट गेली की ती झोपते.

पॅनेलमधून येणारी वीज एकाच दिशेने वाहते, बॅटरीतल्या विजेसारखी. घरातली वीज मात्र सेकंदाला ५० वेळा आपला फेरा पूर्ण करते आणि तिचा दाब २३० व्होल्टच्या आसपास असतो. पॅनेलची वीज घरच्या विजेत बदलायची आणि बाहेरच्या लाईनच्या ठेक्यात ठेका मिळवून तिच्यात सोडायची, हे सोलर इन्व्हर्टरचे काम. दोन मुली दोरी फिरवत आहेत आणि तिसरी तिच्यात उडी घेत आहे, असे डोळ्यांसमोर आणा. दोरीचा ठेका आधी पाहावा लागतो, मग उडी घ्यायची. दोरी फिरवणारे हात म्हणजे ग्रिड, म्हणजे देशभर जोडलेले विजेचे जाळे. हात थांबले तर उडी मारणारीनेही थांबावे, हेच बरे.

घरात जास्त झालेली वीज नेट मीटरमधून बाहेर जाते आणि शेजारच्या घरात वापरली जाते. रात्री आपण बाहेरून वीज घेतो. महिन्याच्या शेवटी वजाबाकी होते. हा व्यवहार ग्रिड जिवंत असेपर्यंतच चालतो.

जजीरा

आता समजा, बाहेरची लाईन तुटली. उपकेंद्रातून पुरवठा बंद झाला. तरीही गल्लीतल्या चार-पाच गच्च्यांवरचे सोलर चालूच राहिले आणि त्यांनी आपसात ती छोटी गल्ली उजळत ठेवली, तर काय होईल? भोवताली सगळीकडे अंधार आणि मध्ये विजेचा एक तुकडा जिवंत. अभियंते याला 'आयलंडिंग' म्हणतात, म्हणजे बेट तयार होणे.

उर्दूत बेटाला जजीरा म्हणतात. मूळ शब्द अरबी. आपल्या कोकणातल्या मुरूडचा जंजिरा तोच. जंजिरा चारी बाजूंनी समुद्राने वेढलेला आहे हे लांबूनच दिसते. विजेचे बेट मात्र कोणालाच दिसत नाही. तार जिवंत आहे की मेलेली, हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. सगळा धोका तिथेच आहे.

या बेटाचे तीन त्रास आहेत. पहिला, त्यातल्या विजेवर कोणाचाही ताबा नसतो. दाब वाटेल तसा वर-खाली झाला तर घरातला फ्रिज, टीव्ही, पंपाची मोटार जळू शकते. दुसरा, ग्रिडची वीज परत येते तेव्हा बेटाचा ठेका वेगळा पडलेला असतो. दोन वेगळे ठेके एकदम जोडले गेले की जोराचा झटका बसतो आणि उपकरणे उडतात. तिसरा त्रास सर्वांत मोठा, आणि तो खांबावर चढलेल्या माणसाला होतो.

डीपी उलटीही चालते

आपल्या कोपऱ्यावर जी डीपी असते ती ११ हजार व्होल्टची वीज खाली उतरवून घरात देता येईल इतकी करते. एवढे बहुतेकांना माहीत असते. पण ट्रान्सफॉर्मर दोन्ही बाजूंनी काम करतो. वरून ११ हजार दिले तर खाली घरगुती दाब मिळतो, तसा खालून घरगुती दाब दिला तर वरच्या बाजूला तो काही हजार व्होल्टचा होऊन बाहेर पडतो. म्हणजे एखाद्या घरातून चुकीने मागे गेलेली वीज डीपीतून चढून उच्चदाबाच्या तारेत जाऊ शकते. ही तार बंद आहे असे समजून तिला हात लावणारा माणूस दोन गल्ल्या सोडून असेल, तरी धोका तोच.

एकट्या घराचे तीन किलोवॅट सगळ्या गावाला पुरणार नाहीत, हे खरे. गल्लीचा सगळा भार एका छोट्या इन्व्हर्टरवर आला तर त्याचा दाब क्षणात कोसळतो आणि तो आपोआप बंद पडतो. पण दुरुस्तीच्या वेळी फ्यूज काढून लाईनचा एक छोटा तुकडा वेगळा केलेला असतो. त्या तुकड्यावर मोजकीच घरे उरतात. त्यांचा वापर आणि त्यांच्या गच्चीवरची वीज जवळपास सारखी असेल, तर बेट तरू शकते. पीएम सूर्य घर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. एक कोटी घरांवर सोलर बसवण्याचे तिचे उद्दिष्ट आहे. पूर्वी गावात एखाद्या गच्चीवर पॅनेल दिसायचे, आता एकाच डीपीवर पाच-सात घरे असतात. तसा हा प्रश्नही मोठा होत चालला आहे.

खांबावरचा माणूस

चौकशीच्या दुसऱ्याच दिवशी आमच्या कोपऱ्यावरच्या डीपीजवळ माझा एक जुना विद्यार्थी भेटला. दहावीला माझ्याकडे मराठीला होता. आता लाईनवर कंत्राटी कामगार आहे. कमरेला पट्टा, हातात पक्कड. मी त्याला वायरमनने सांगितलेला उपाय सांगितला. तो हसला नाही.

"मॅडम, काम सुरू करायच्या आधी आम्ही उपकेंद्रातून परमिट घेतो. लाईन बंद झाली असं तिकडून सांगतात. मग टेस्टर लावतो, तारा एकमेकींना जोडून जमिनीला अर्थिंग करतो आणि मगच हात लावतो. नियम असा आहे. पण पावसात, रात्री, लोक फोनवर ओरडत असताना कधी एखादी पायरी चुकते. उपकेंद्राची लाईन बंद झाली हे मला कळतं. तुमच्या गच्चीवरची बंद झाली हे मला कोण सांगणार?"

या प्रश्नावर माझ्याकडे काही उत्तर नव्हते. सोलर इन्व्हर्टर लाईट गेल्यावर जो मुकाट्याने बंद होतो, तो याच प्रश्नाचे उत्तर म्हणून. त्याला कोणी फोन करत नाही, कोणी आठवण करून देत नाही. त्याला स्वतःच ओळखावे लागते की बाहेरचे ग्रिड गेले.

तो ओळखतो कसा?

पहिली रीत नुसती पाहत राहण्याची. इन्व्हर्टर सतत दोन गोष्टी मोजत असतो, दाब आणि वारंवारता, म्हणजे सेकंदाला किती फेरे होतात ते. समजा गच्चीवर दोन किलोवॅट वीज तयार होते आहे आणि घरात एकच किलोवॅट लागते आहे. उरलेली एक बाहेर जाते आहे. लाईन तुटली की तिला जायला जागा उरत नाही आणि दाब चढतो. उलट घरातला वापर जास्त असेल तर दाब पडतो. पंखे, फ्रिज, पंप यांच्या मोटारींना चुंबकीय क्षेत्र तयार करायला जी वेगळ्या प्रकारची शक्ती लागते, तिचा हिशेब जुळला नाही की वारंवारता सरकते. यातले काहीही ठरलेल्या मर्यादेबाहेर गेले की इन्व्हर्टर स्वतःला तोडून घेतो.

या मर्यादा कायद्याने ठरलेल्या आहेत. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०१३ मध्ये छोट्या वीजनिर्मितीच्या जोडणीसाठी नियम केले. दाब ठरलेल्या दाबाच्या ११० टक्क्यांवर गेला किंवा ८० टक्क्यांखाली आला, तर दोन सेकंदांच्या आत जोडणी तुटली पाहिजे. २३० व्होल्टच्या हिशेबाने या मर्यादा २५३ आणि १८४ व्होल्ट होतात. वारंवारता ५०.५ वर गेली किंवा ४७.५ च्या खाली आली, तर सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात. आणि नको असलेले बेट तयार झाले, तर दोन सेकंदांच्या आत.

पण नुसते पाहत राहण्यात एक खोट आहे. योगायोगाने गच्चीवरची वीज आणि त्या तुकड्यातला वापर अगदी सारखा असेल तर? तराजूची दोन्ही पारडी समान असली की काटा हलत नाही. ग्रिड गेले तरी दाब तोच, वारंवारता तीच. इन्व्हर्टरला वाटते सगळे ठीक आहे. अभियंते या अवस्थेला 'नॉन डिटेक्शन झोन' म्हणतात, म्हणजे जिथे कळतच नाही असा पट्टा. तो अरुंद असतो, पण असतो.

पाढे म्हणणारा वर्ग

म्हणून दुसरी रीत आली. नुसते पाहायचे नाही, अधूनमधून हलवून पाहायचे.

प्राथमिक शाळेत साठ मुले एका सुरात पाढे म्हणत असतात. एखादा खोडकर मुलगा मुद्दाम थोडा घाईने म्हणायला लागतो. बाकीच्या एकोणसाठांच्या आवाजापुढे त्याचे काही चालत नाही, दोन शब्दांत तो पुन्हा सगळ्यांच्या चालीवर येतो. आता बाकीचे सगळे एकदम गप्प झाले तर? त्याला आवरणारे कोणी राहत नाही. त्याची चाल वाढत जाते आणि क्षणात त्याच्याच लक्षात येते की आपण एकटे पडलो.

इन्व्हर्टर नेमके हेच करतो. वारंवारता अगदी किंचित पुढे किंवा मागे ढकलण्याचा तो सतत प्रयत्न करत असतो. ग्रिड जिवंत असते तेव्हा ते एवढे मोठे असते की या ढकलण्याने त्याला काही होत नाही. ग्रिड गेले की तीच ढकल लागू पडते. वारंवारता थोडी सरकते, सरकली म्हणून इन्व्हर्टर आणखी जोरात ढकलतो, ती आणखी सरकते, आणि लवकरच मर्यादा ओलांडते. इन्व्हर्टर बंद. पारडी समान असली तरी ही युक्ती चालते, कारण इथे काटा आपण स्वतःच हलवतो.

यातही एक गुंता आहे. एकाच डीपीवर वेगवेगळ्या बनावटीचे सात इन्व्हर्टर असले आणि एक पुढे ढकलत असताना दुसरा मागे ढकलत असला, तर दोघांची ओढाताण एकमेकांना खाऊन टाकू शकते आणि ओळखायला उशीर होतो. म्हणून चांगल्या इन्व्हर्टरमध्ये वारंवारता ज्या बाजूला आपोआप झुकते त्याच बाजूला ढकलण्याची सोय असते, म्हणजे सगळे एकाच दिशेला जोर लावतात.

तिसरी रीत निरोपाची. उपकेंद्राने लाईन बंद केली की थेट निरोप पाठवून सौर प्रकल्पही बंद करायचा. ही रीत सर्वांत खात्रीची, पण खर्चीक. मोठ्या प्रकल्पांना परवडते, प्रत्येक घराला नाही.

कोणताही इन्व्हर्टर या परीक्षेतून गेलेला असावा लागतो. 'आयईसी ६२११६' हे आंतरराष्ट्रीय मानक आणि आपले भारतीय मानक 'आयएस १६१६९' यांत तिची पद्धत दिली आहे. प्रयोगशाळेत मुद्दाम सर्वांत अवघड प्रसंग उभा करतात. वापर आणि निर्मिती तंतोतंत जुळवतात, ५० फेऱ्यांवर आपोआप टिकून राहील असा भार लावतात आणि मग ग्रिडचा खटका काढतात. दोन सेकंदांत बंद झाला तर पास.

आता वायरमनच्या उपायाकडे परत येऊ. जुन्या इन्व्हर्टरची वायर जोडून सोलरला 'लाईन आली' असे भासवायचे, म्हणजे काय? बॅटरीचा इन्व्हर्टर ठाम ५० फेऱ्यांचा ठेका देत राहतो. सोलर कितीही ढकलो, तो ठेका हलत नाही. ग्रिड गेले हे ओळखायची जी एकमेव वाट होती, ती आपण आपल्या हाताने बुजवतो. त्यानंतर खांबावरच्या माणसाचा जीव एका मेन स्विचवर आणि तो बंद करणाऱ्याच्या आठवणीवर राहतो. रोज्याच्या दुपारी, उन्हात, झोपेच्या गुंगीत.

घाईही बरी नाही

इथे कोणी म्हणेल, मग जराही शंका आली की इन्व्हर्टरने लगेच बंद व्हावे. तेही चालत नाही. जर्मनीत गच्चीवरचे बहुतेक सोलर वारंवारता ५०.२ ला पोहोचताच एकदम बंद होतील अशा बेताने बसवले होते. सोलरची संख्या वाढल्यावर लक्षात आले की तेवढीशी हालचाल झाली तरी लाखो घरे एकाच क्षणी बंद पडतील आणि सगळे ग्रिड हादरेल. २०१२ मध्ये तिथे नियम करून तीन लाखांहून अधिक प्रकल्पांच्या इन्व्हर्टरमध्ये बदल करावे लागले. म्हणजे इन्व्हर्टरला दोन गोष्टी एकाच वेळी साधाव्या लागतात. ग्रिड नुसते अडखळले असेल तर साथ सोडायची नाही, आणि ग्रिड खरोखर गेले असेल तर क्षणभरही रेंगाळायचे नाही.

मुद्दाम केलेले बेट

बेट नेहमीच वाईट असते असेही नाही. मुंबईसाठी अशी व्यवस्था १९८१ पासून आहे. बाहेरचे ग्रिड कोसळले तर शहराने स्वतःला तोडून घ्यायचे आणि आपल्या वीजनिर्मितीवर चालू राहायचे. १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी ही व्यवस्था टिकली नाही. लोकल गाड्या जागच्या जागी थांबल्या, शहर काही तास अंधारात गेले. नियोजन करून केलेले बेटही सांभाळणे किती कठीण असते, ते त्या दिवशी कळले. मग कोणाच्या नकळत झालेल्या बेटाची काय कथा?

आपल्या सोलापूरचेही या गोष्टीत मानाचे स्थान आहे. दक्षिण भारताचे ग्रिड बरीच वर्षे देशाच्या उरलेल्या ग्रिडपासून वेगळ्या ठेक्यावर चालत होते. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी जोडली गेली आणि सगळा देश एका ठेक्यावर आला. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत एकच वारंवारता. टेंभुर्णीतल्या आमच्या गच्चीवरची छोटी पेटी रोज सकाळी उन्हासोबत जागी होते आणि त्याच ठेक्यात आपला ठेका मिसळते, हे कळल्यावर मला तिच्याबद्दल जरा आदर वाटू लागला.

घरात काय करावे

लाईट गेल्यावरही वीज हवी असेल तर त्याला हलाल वाट आहे. हायब्रिड इन्व्हर्टर मिळतो, त्याला बॅटरी जोडतात. लाईट गेली की तो आधी आपल्या घराला बाहेरच्या लाईनपासून पूर्ण तोडतो आणि मगच पॅनेल व बॅटरीवर ठरावीक दिवे-पंखे चालवतो. हेही बेटच, पण आपल्या भिंतींच्या आतले, दार लावून घेतलेले. खर्च जास्त येतो. म्हणून सोलर घेण्याआधीच ठरवा की तुम्हाला बिल कमी करायचे आहे, की लाईट नसतानाही वीज हवी आहे. पीएम सूर्य घर योजनेत एक किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन किंवा त्याहून जास्त किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान आहे. विक्रेत्याशी बोलताना हा दुसरा प्रश्न नक्की विचारा, कारण तो आपणहून सांगेलच असे नाही.

लाईट परत आल्यावर सोलर लगेच चालू झाले नाही तर घाबरू नका. लाईन किमान साठ सेकंद स्थिर राहिल्याशिवाय त्याने जोडून घ्यायचे नाही, असा नियमच आहे.

भर दुपारी लाईट असतानाही सोलर वरचेवर बंद पडत असेल, तर बहुधा लाईनचा दाब मर्यादेवर गेलेला असतो. अशा वेळी 'सेटिंग वाढवून देतो' असे कोणी म्हटले तर हात जोडून नको म्हणा. ती मर्यादा सुरक्षेसाठी आहे. वीज कंपनीकडे दाबाची तक्रार नोंदवा.

जनरेटर किंवा बॅटरीची वीज भिंतीतल्या सॉकेटमधून घरात घालू नका. दोन्ही टोकांना पिना असलेली वायर कोणाच्या घरात असेल तर आजच तोडून टाका. जनरेटरसाठी चेंजओव्हर स्विच हवाच, एका वेळी एकच बाजू जोडली जाईल असा. आपल्या अनेक मशिदींत, मदरशांत आणि शादीखान्यांत जनरेटर आहे आणि आता गच्चीवर सोलरही येते आहे. तिथल्या जिम्मेदारांनी खास लक्ष द्यावे. जनरेटर आणि सोलर एकाच तारेवर आले तर सोलरला जनरेटरच ग्रिड वाटतो आणि ते त्याच्यातच वीज ढकलू लागते. जनरेटर बिघडतो तो वेगळाच.

वर्षातून एकदा, ऊन चांगले असताना, सोलर बसवणाऱ्या माणसाला बोलावून त्याच्यासमोर मेन स्विच बंद करून पाहा. इन्व्हर्टर ताबडतोब थांबला पाहिजे. ही प्रयोगशाळेतली परीक्षा नव्हे, पण कोणी गडबड करून ठेवली असेल तर उघडी पडते.

आणि एक शेवटची गोष्ट, विशेषतः ज्या भगिनी गच्चीवर पापड-मिरच्या वाळवतात त्यांच्यासाठी. इन्व्हर्टर बंद असला तरी ऊन आहे तोवर पॅनेलपासून खाली येणाऱ्या वायरीत वीज असते, आणि तिचा दाब शेकडो व्होल्ट असू शकतो. त्या वायरींना हात लावू नका, मुलांना लावू देऊ नका. पॅनेल धुवायचे तर सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर.

शेजाऱ्याचा हक्क आपल्या दीनमध्ये किती मोठा आहे, हे या मासिकाच्या वाचकांना मी सांगायला नको. शेजारी म्हणजे फक्त भिंतीपलीकडचा नाही. एका तारेने जोडलेले सगळेच आता एकमेकांचे शेजारी झाले आहेत, आणि त्या तारेवर चढलेला माणूस सर्वांत जवळचा.

आम्ही वायरमनला नको म्हणून सांगितले. हायब्रिडसाठी पैसे साठवतो आहोत, इन्शाअल्लाह पुढच्या वर्षी होईल. तोवर लाईट गेली की आमचे सोलर थांबते. ईदच्या चार दिवस आधी पुन्हा अशीच दुपारी गेली. पंखा थांबला. मी हाताने पंखा घालायला अम्मींजवळ बसले. त्यांना मी पाढ्यांचा वर्ग आणि खांबावरचा माणूस, दोन्ही समजावून सांगितले होते. त्या थोडा वेळ खिडकीबाहेर पाहत राहिल्या. मग तसबीहचा मणी पुढे सरकवत म्हणाल्या, "मतलब कोई खंबे पे चढ़ा होगा. अल्लाह उसकू सलामत उतारे."